पलटणीचा नेमलेला तक्रारदार

पलटणीत मी तक्रार करण्याच्या कामावर होतो.

कल्याणला आमच्या ओटीवर बसून मी हे सांगतो, तेव्हा ऐकणारे हसतात. शिपाई म्हटला की तो कुरकुरणारच, त्यात तुम्ही मोठं काय केलंत, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसतं. पण कुरकुर निराळी. ती सगळेच करतात, जेवताना, पट्टे घासताना, पायाचे फोड बघताना. माझी तक्रार सरकारी होती. तिचा दिवस ठरलेला, जागा ठरलेली, शब्द ठरलेले, आणि ती ऐकून साहेबांना बरं वाटणार हेही ठरलेलं. हुद्द्यानं मी हवालदार. रोजचं काम चांदमारी, म्हणजे बंदुकीचा नेम शिकवण्याचं. पण पलटणीत मला लोक ओळखत ते या दुसऱ्या कामावरून.

या मासिकाच्या चालकांनी दिवाळीच्या महिन्यासाठी माझ्याकडं लढाईचं काहीतरी मागितलं होतं. लढाई मी एकच पाहिली, आणि तिच्यातही बहुतेक वेळ खेचरांच्या मागून चालत होतो. खेचरांचं वर्णन दिवाळीत कशाला? त्यापेक्षा दरबाराचं सांगतो. तोफांचे आवाज ज्यांना हवेत त्यांनी खुशाल पुढचा लेख उघडावा, मला राग नाही.

आता दरबार म्हणजे काय ते सांगायला हवं. महिन्याकाठी एकदा सगळी पलटण मोठ्या झाडाखाली गोळा व्हायची. समोर मेज, मेजावर राणीची तसबीर. मेजाच्या मागं कर्नलसाहेब आणि गोरे अंमलदार. त्यांच्या दोन्ही अंगांना खुर्च्यांवर आपले सुभेदार आणि जमादार. आणि हवालदारापासून खालचे आम्ही सगळे समोर, जमिनीवर मांडी घालून. कर्नलसाहेब चार हुकूम वाचायचे आणि मग विचारायचे, "कुणाची काही तक्रार?" त्या घटकेला कुणीही उठून काहीही बोलावं, त्याला शिक्षा नाही, असा पलटणीचा रिवाज. तुरुंगाच्या पहाऱ्यावरचा साधा शिपाईसुद्धा कर्नलच्या डोळ्यांत डोळे घालून बोलू शकतो. असा रिवाज तुमच्या कचेरीत आहे का, विचारून बघा.

रिवाज चांगला होता म्हणूनच त्याची सगळ्यांना भीती. कुणी खरंच उठून काही बोलला तर? त्यावर आमच्या सुभेदार मेजरांनी तोड काढली होती. सुभेदार मेजर म्हणजे पलटणीतला सर्वांत वरचा देशी अंमलदार. भरदार मिशा, हळू आवाज, आणि कर्नल बदलला तरी आपण बदलायचं नाही हा निश्चय. त्यांचं म्हणणं असं की कुणीच बोललं नाही तर साहेबांना वाटतं लोक घाबरतात, आणि भलता कुणी बोलला तर साहेबांना वाटतं सुभेदार झोपा काढतात. तेव्हा दर खेपेला एकानं उठावं आणि बेतशीर तक्रार करावी.

माझी निवड शिमग्याला झाली. गावी मी दशावतारात शंकासुराचं सोंग करत असे. लाइनीत, म्हणजे शिपायांच्या चाळीत, ते करून दाखवलं, तर सुभेदार मेजर पोट धरून हसले आणि दुसऱ्या दिवशी मला पडवीत बोलावून म्हणाले, "रावजी, तुझ्या तोंडावर खोटं शोभतं."

"सुभेदारसाहेब, ही शाबासकी समजू का?"

"नोकरी समज."

मग तालमी सुरू झाल्या. मी उठायचो, ते बसून चुका काढायचे. आवाज भरून आला पाहिजे, पण रडका नको. हात जोडायचे, पण कोपर अंगाला चिकटवून, म्हणजे गरीब दिसतो. तक्रार अशी हवी की साहेबांना जागच्या जागी 'मंजूर' म्हणता यावं, आणि खुर्चीवर बसलेल्या कुणाच्याही अंगावर ती जाऊ नये. पहिली तक्रार जोड्यांची झाली. नवे जोडे चावतात, हे मी असं काही बोललो की म्हातारे कर्नलसाहेब स्वतःच्या बुटांकडं बघायला लागले. तेल मंजूर झालं. जोडे चावत नव्हते, पण तेल कुणाला नको असतं?

एकदा मात्र आमची गाडी घसरली. तक्रार होती, लाइनीची कौलं गळतात. कर्नलसाहेबांनी 'बघू' म्हणायचं आणि पुढं जायचं, असा आमचा हिशेब. ते म्हणाले, "आत्ताच चला, दाखव." अख्खी पलटण उभी राहिली. छप्पर नुकतंच शाकारलेलं, आत टिपूस नाही. मी सुभेदार मेजरांकडं पाहिलं, ते आभाळाकडं बघत होते. मी साहेबांना वाटेत विहीर दाखवली, तालीमखाना दाखवला, एक म्हातारं आंब्याचं झाड दाखवलं आणि त्याची हकिगत जागीच रचून सांगितली. तेवढ्या वेळात मागच्या बाजूनं दोन शिपाई छपरावर चढून कौलं काढत होते. आम्ही आत शिरलो तेव्हा छपराला असं भोक होतं की त्यातून माणूस खाली यावा. साहेब चकित. "या खाली लोक झोपतात?" मी म्हटलं, "कूस बदलून, साहेब."

तर अशा मजेत वर्षं गेली. मग म्हातारे कर्नल विलायतेला गेले आणि नवे आले. हे अंगानं बारीक, मिशीला मेण नाही, मराठी शिकलेले, पण शब्द असा ठेवून ठेवून बोलायचे की जणू मेजावर पेले मांडतायत. पहिल्याच दरबारात म्हणाले, "मला खरं ऐकायचं आहे." आम्ही माना डोलावल्या. मागच्या कर्नलनंही हेच म्हटलं होतं.

आता चांदमारीकडं येतो, कारण सगळं तिथंच घडलं.

पलटण ठाण्याला, आणि चांदमारी खाडीच्या पलीकडं कळव्याच्या अंगाला. होड्यांतून उतरायचं, मिठागरांच्या बांधावरून चालायचं, आणि पारसिकच्या डोंगराला तोंड करून उभं राहायचं. डोंगराच्या पायथ्याशी लाकडी चौकटीवर ताणलेली निशाणं. निशाणांच्या मागं मातीची भिंत, गोळी तिच्यात रुतावी म्हणून. आणि निशाणांच्या खाली खड्डा. त्या खड्ड्यात दोघे-तिघे बसायचे. गोळी लागली की लांब काठीच्या टोकाला लावलेली थाळी वर करून दाखवायची. मधोमध लागली तर पांढरी थाळी, बाजूला लागली तर काळी, आणि अजिबात चुकली तर तांबडं निशाण इकडून तिकडं हलवायचं. तेच उंच धरून ठेवलं की गोळीबार बंद. बंदुका लांब, साहेब लांब, खरं काय झालं ते फक्त खड्ड्यातल्या माणसाला ठाऊक. गोऱ्या साहेबाची गोळी चुकली की मी तांबडं निशाण जरा जास्तच मन लावून हलवत असे, हे इथं नमूद करतो.

मिठागरांवरच्या आगरी बायका चांदमारी संपायची वाट बघत बसलेल्या असत. भिंतीतलं शिसं उकरून न्यायच्या. खाडीतल्या जाळ्यांना त्याची वजनं होतात. एकदा एक मोठे साहेब पाहुणे आले आणि त्यांनी सकाळभर गोळ्या चौफेर उधळल्या, तेव्हा त्यांतली एक मला म्हणाली, "हवालदार, यान्ला रोज आना. सगल्या गोल्या आमचे मिठागरान परतान, उकराचा तरास नाय."

त्या वर्षी पावसानं भिंतीची माती धुऊन नेली. निशाणांच्या बरोबर मागं मधोमध माती टिकून होती, पण दोन्ही अंगांना काळा खडक उघडा पडला. गोळी मधे गेली तर मातीत. बाजूला गेली तर खडकावर, आणि खडकावरून तिचे तुकडे आणि दगडाच्या कपच्या उलट फिरून खड्ड्यात. मी कॅप्टनसाहेबांना दाखवलं. चांदमारी त्यांच्या अखत्यारीत होती. ते म्हणाले, माती टाकून घेऊ, पण तपासणीनंतर. जनरलसाहेब तपासणीला यायचे होते. त्याआधी सगळ्या पलटणीची चांदमारी पुरी करून तिचा आकडा वर जायला हवा होता. आकडा चांगला गेला की कॅप्टनसाहेब मेजर होणार, हे लाइनीतल्या भिश्तीलाही माहीत होतं.

आठवडाभरात लखमाचा डोळा गेला.

लखमा शिपाई माझ्या खड्ड्यातला. थाळी वर करायला उठला, आणि पुन्हा खाली बसला तेव्हा त्याच्या बोटांमधून रक्त येत होतं. इस्पितळात मी त्याच्या खाटेशी बसलो तर तो मलाच समजावतो, "हवालदार, नेम धरायला उजवा डोळा लागतो ना? गेला तो डावा. मग काय बिघडलं?"

"काही नाही," मी म्हटलं. एवढा वाईट नट मी कधी नव्हतो.

मी पुन्हा कॅप्टनसाहेबांकडं गेलो. माणूस दुष्ट नव्हता, हे आज सांगतो. त्यांनी मला बाहेर नेलं, स्वतःची टोपी काढली आणि म्हणाले, "हवालदार, हे केस बघ. पिकायला लागले, आणि मी अजून कॅप्टन आहे. माझ्या मागून आलेले पुढं गेले. आता चांदमारी थांबवली तर आकडा जाणार नाही, आकडा गेला नाही तर मीही जाणार नाही. तपासणी होऊ दे. खड्ड्यात माणसांना डोकं खाली ठेवायला सांग."

"डोकं खाली ठेवून थाळी वर कशी करायची, साहेब?"

"तू शिकवणारा आहेस. शिकव."

तिथून मी सुभेदार मेजरांच्या पडवीत गेलो. म्हटलं, येत्या दरबारात ही तक्रार करतो. त्यांनी मला बसायला पाट दिला, तेव्हाच मला संशय आला. मला ते कधी बसवत नसत.

"या खेपेला गूळ आहे," ते म्हणाले. "गुळात खडे निघतात. जनरल यायच्या आधीचा दरबार, गोड तक्रार बरी."

"गुळात खडे नाहीत, सुभेदारसाहेब. खड्ड्यात आहेत."

ते हसले नाहीत. "रावजी, जमादाराची एक जागा मोकळी होते आहे. माझ्यासमोर दोन नावं. एक माझा पुतण्या शंकर, एक तू. कर्नलला नाव मी सांगतो, कर्नल माझं ऐकतो. शंकरला अजून वेळ आहे, तुझे गुडघे वाजायला लागले. आता मला सांग, या खेपेला काय आहे?"

मी पाटावरून उठलो आणि घरी आलो.

घरी मंडळींच्या कानावर जमादारी आधीच आली होती. लाइनीत बायकांना बातमी बिगुलाच्या आधी मिळते. मी जेवायला बसलो तसं तिनं विचारलं, "अहो, जमादाराला दरबारात खुर्ची मिळते ना?"

"मिळते."

"पाठ असलेली?"

"पाठ असलेली, हात असलेली."

"बाई गं." तिनं भाकरी वाढली. "मग तुम्ही गप्प का?"

मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लखमाची बायको आज विहिरीवर भेटली. मला म्हणाली, हवालदारांना खुर्ची मिळाली म्हणजे आमच्याकडं लक्ष ठेवायला सांगा. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणू?" आणि ती चुलीकडं वळली. तिनं मला काय करा ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

दरबाराचा दिवस आला. मी ठरलेल्या जागी, तिसऱ्या रांगेत टोकाला. शंकर माझ्या मागं. राणीची तसबीर, मेज, खुर्च्या, सगळं जागच्या जागी. कर्नलसाहेबांनी विचारलं, "कुणाची काही तक्रार?"

मी उठलो. कोपरं अंगाला चिकटवली. आवाज भरून आणला. म्हणालो, "सरकार, आम्हाला गूळ मिळतो." आणि थांबलो.

तसा मी अडखळणारा नट नाही. मला कोपरं सोडावीशी वाटली, म्हणून थांबलो. पण शंकरला वाटलं मी विसरलो. मागून तो कुजबुजला, "खडे. गुळात खडे."

मी म्हटलं, "सरकार, गूळ उत्तम आहे. गुळाची तक्रार मला पाठ करून दिली आहे. जोड्यांचीही दिली होती, कौलांचीही दिली होती. इतकी वर्षं मी इथं उभा राहून बोललो त्यातलं काहीच माझं नव्हतं. आजचं माझं आहे."

इतकी शांतता मी कुठल्या प्रयोगात मिळवली नाही. खुर्च्यांवरचे सगळे एकदम मेणाचे झाले. कर्नलसाहेबांनी हळू विचारलं, "कुणी पाठ करून दिली?"

"ते विचारू नये, साहेब. मला खोटं बोलावं लागेल, आणि आज माझा तो बेत नाही."

मग मी खडक सांगितला. पाऊस, माती, कपच्या, लखमाचा डोळा, सगळं. हात जोडले नाहीत. कॅप्टनसाहेब उठून उभे राहिले, तोंड त्यांच्या डगल्यासारखं लाल. कर्नलसाहेब म्हणाले, "हवालदार, तू कॅप्टनसाहेबांवर आरोप करतो आहेस का?"

"नाही साहेब. खडकावर करतो आहे."

"पुरावा?"

"उद्या सकाळी आपण खड्ड्यात बसावं. मी शेजारी बसतो."

हे वाक्य मी तालीम न करता बोललो, आणि माझ्या आयुष्यातलं तेच चांगलं वठलं.

दुसऱ्या दिवशी होड्या लागल्या, बांध ओलांडला, आणि पलटणीचे कर्नलसाहेब माझ्यासोबत खड्ड्यात उतरले. टोपी काढून गुडघे पोटाशी घेऊन बसले. खड्ड्यात सगळे एकाच आकाराचे दिसतात, हे त्या दिवशी समजलं. मी सांगितलं, "साहेब, खड्ड्याच्या भिंतीला पाठ लावून." त्यांनी लावली.

पहिली फैर झाली. धप, मातीत. पांढरी थाळी. दुसरी, पांढरी. तिसरी, पांढरी. मी थाळ्या वर करतोय आणि माझा जीव खाली जातोय. एक गोळी बाजूला जाईल तर शपथ. दूरवर बांधावर त्या आगरी बायकासुद्धा कंटाळून उठल्या. कर्नलसाहेब माझ्याकडं बघत होते. "उत्तम चांदमारी आहे, हवालदार."

आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "साहेब, आज बंदुकीला पलटणीतले निवडक उभे केलेत. एकेकाचा हात मी इथून ओळखतो, सगळे मीच शिकवलेले. यांच्या गोळ्या मधेच लागणार. मी कुणाला शिकवू शकलो नाही, त्यांना बोलवा."

कर्नलसाहेबांच्या ओठांचं टोक हललं. त्यांनी एका शिपायाला हुकूम देऊन पाठवलं. थोड्या वेळानं पलीकडं माणसं बदलली. पहिलीच गोळी आभाळात. मी तांबडं निशाण हलवलं. दुसरी उजवीकडं खडकावर बसली आणि एक कपची माझ्या कानावरून शिट्टी घालत गेली. तिसरी त्याच्याही बाजूला. ठक्क असा आवाज आला. कर्नलसाहेबांच्या खांद्याजवळ खड्ड्याला टेकू दिलेली फळी होती, तिच्यात काळ्या दगडाचा सुरीएवढा तुकडा घुसून उभा होता.

त्यांनी तो बोटांनी काढला, बघितला आणि खिशात टाकला. मग फार सभ्यपणे म्हणाले, "निशाण उंच धर. आणि खाली घेऊ नकोस."

चांदमारी त्या दिवशी बंद झाली. तपासणीपर्यंत बंदच राहिली. मिठागरवाल्यांच्या बैलगाड्यांनी माती आली, नवी भिंत आधीच्या दुप्पट जाड झाली, खड्डा खोल झाला. आकडा वर गेला नाही. कॅप्टनसाहेबांची मेजरी एक साल पुढं ढकलली गेली. बदली होऊन निघाले तेव्हा स्टेशनवर मला म्हणाले, "तुझ्यामुळं मी मागं राहिलो."

"मी पण, साहेब," मी म्हटलं. त्यांनी हात पुढं केला. मी धरला. तेवढंच.

कारण माझंही तेच झालं होतं. भिंत पुरी झाल्यावर कर्नलसाहेबांनी मला बोलावून सांगितलं, "तू खरं बोललास, ते चांगलं. पण तू आधीच्या कर्नलसमोर खोट्या तक्रारी केल्यास, हेही तूच कबूल केलंस. अशा माणसाला या खेपेला जमादार करता येणार नाही." शंकर जमादार झाला, खुर्चीवर बसला. चांगला पोरगा होता, माझ्याकडं बघताना लाजायचा. सुभेदार मेजर मात्र लाजले नाहीत. त्यांनी मला पुन्हा कधी पडवीत बोलावलं नाही, एवढंच.

लखमाला पेन्शन झालं. लोक मला विचारत, "काय मिळालं रे रावजी बोलून?" मी म्हणायचो, "माती." आणि मी ते छाती काढून म्हणायचो.

पुढच्या वर्षी पुन्हा जागा मोकळी झाली. कर्नलसाहेबांनी मला बंगल्यावर बोलावलं. खोलीत आम्ही दोघंच. म्हणाले, "या वेळी नाव तुझं. फक्त एक काम. महिन्यातून एकदा मागच्या दारानं इथं यायचं, आणि लाइनीत काय चाललं आहे, कोण काय बोलतो, कोणता सुभेदार काय करतो, ते मला सांगायचं. मला खरं सांगणारा माणूस पाहिजे. या पलटणीत तू एकटा सापडलास."

खोटं कशाला सांगू, खुर्ची डोळ्यांसमोर आली. पाठ असलेली, हात असलेली. सुभेदार मेजरांच्या बाबतीत सांगण्यासारखं माझ्याकडं इतकं होतं की पहिल्याच महिन्यात त्यांच्या मिशा उतरल्या असत्या.

मी म्हटलं, "साहेब, हे जमायचं नाही."

"का? तेव्हा बोललास, आता भितोस?"

"तेव्हा बोललो ते सगळ्यांसमोर. ज्याच्याबद्दल बोललो तो समोर बसला होता, मला खोटं पाडायला उठू शकत होता. उठलाही. इथं बंद खोलीत मी कुणाबद्दल बोललो तर त्याच्या वतीनं कोण उठणार?"

साहेबांचा चेहरा कडक झाला. "मग माझ्यापर्यंत खरं यायचं कसं? महिन्याच्या महिन्याला विचारतो. कुणी तोंड उघडत नाही."

आता जमादारी गेलीच होती, तेव्हा म्हटलं, होऊन जाऊ दे. "साहेब, आपण विचारता, कुणाची काही तक्रार? आणि लगेच खिशातलं घड्याळ काढता. गरीब माणसाला उठायला वेळ लागतो. आधी शेजाऱ्याकडं बघतो, मग पायातली मुंगी झटकतो, मग घसा खाकरतो. तोवर आपण निघालेले असता. एकदा विचारून थांबून बघा."

"जा," साहेब म्हणाले. मी सलाम केला आणि पुढच्या दारानं बाहेर पडलो.

घरी सांगितलं. मंडळींनी पदरानं हात पुसले, आणि ती म्हणाली, "तुम्ही मागच्या दारानं गेला असतात, तर मी इथलं पुढचं लावून घेतलं असतं." मग भांडी जरा मोठ्यानं आपटली. ती आदळआपट खुर्चीसाठी होती, तेवढा तिचा हक्क होता.

जमादारी दुसऱ्याला गेली. मी हवालदार म्हणून राहिलो, हवालदार म्हणून निघालो, पेन्शन हवालदाराचं घेतो. कल्याणच्या बाजारात 'जमादार' म्हणून हाक मारणाऱ्याला मी थांबून सुधारतो. चुकीच्या हुद्द्यानं बोलावून घ्यायला मी काही कमी कमावलेलं नाही.

पण त्या महिन्याचा दरबार सांगायचा राहिला. कर्नलसाहेबांनी विचारलं, "कुणाची काही तक्रार?" आणि हात खिशाकडं नेला नाही. दोन्ही हात मेजावर ठेवले आणि बसून राहिले. कुणी उठेना. एक खुर्ची करकरली. सुभेदार मेजरांनी रांगांवरून नजर फिरवली. त्यांनी त्या खेपेला कुणाला काही शिकवलं नव्हतं, ते त्यांच्या कपाळावरच्या घामानं कळत होतं. मी मांडी बदलली. साहेब बसून. झाडावरून एक पान मेजावर पडलं, ते त्यांनी उचललं नाही.

आणि पार मागच्या रांगेतून एक शिपाई उठला. रत्नागिरीकडचा, जाड अंगाचा, आजवर त्याचा आवाज मी ऐकला होता तो फक्त हजेरीला. त्यानं घसा खाकरला, पुन्हा खाकरला, आणि म्हणाला, "साहेब, हवालदार रावजी चांदमारीला नेम चुकला की आयशीबापसावरून शिव्या देतात. नेम आमचा चुकतो, आयशीबापसाचा काय गुन्हा?"

सगळी पलटण माझ्याकडं वळली. खुर्च्याही वळल्या. माझ्या खडकानंतर पलटणीतली पहिली कुणी न बसवलेली तक्रार, आणि ती माझ्यावर.

कर्नलसाहेब म्हणाले, "हवालदार, उभा राहा. यावर तुझं काय म्हणणं आहे?"

मी उठलो, ताठ. "खरं आहे, साहेब. शब्दशः खरं आहे. आजपासून बंद. फक्त एवढंच की माणूस फार हळू बोलला, पुढच्या रांगेला ऐकू गेलं नाही. त्याला परत एकदा, मोठ्यानं बोलू द्यावं."